पांढऱ्या मोज्याची जाळी

३ सप्टेंबर, सकाळ

"धूळ पुसत बसायचं नसतं गं, तिला आत येऊ द्यायचं नसतं."

बारा वर्षांपूर्वी आमचा पहिला कॉम्प्युटर जोडताना माझा नवरा म्हणाला होता. तेव्हा तो माझा नवरा होता. आता तो फक्त लेकीचा बाबा आहे आणि दोन बस बदलून जावं लागेल इतक्या लांब राहतो. या वाक्यापुढे त्याने पंखे कसे लावायचे, हवा कुठून कुठे जाते, हेही बराच वेळ समजावलं होतं. ते आठवत नाही. माझ्या हातातल्या पुस्तकाचं एक पान संपत आलं होतं.

आज कॉम्प्युटरच्या खोक्याचं बाजूचं झाकण उघडलं. आत राखाडी गालिचा. पंख्यांच्या पात्यांना मिशा फुटल्यात.

लेक जूनमध्ये बाबाकडे गेली, आठ दिवसांसाठी. माझं काम चालतं ती खोली आणि तिची झोपायची खोली एकच. इथे मला फार शिंका येतात, म्हणाली. आता सप्टेंबर आहे, अजून शाळेत तिकडूनच जाते. तीस तारखेपर्यंत तिला ठरवायचं आहे की याच शाळेत राहायचं की बाबाच्या घराजवळच्या शाळेचा फॉर्म भरायचा. एकदा भरला की पुढची दोन वर्षं तिकडेच.

म्हणजे सत्तावीस दिवस आहेत. धूळ बंद, शिंका बंद, लेक घरी. इतकं सरळ गणित मी आयुष्यात मांडलेलं नाही.

४ सप्टेंबर

ब्रशने सगळं झाडलं. मला एकेचाळीस शिंका आल्या. मोजल्या. पोरीचं म्हणणं खरं होतं तर.

संध्याकाळी तिचा फोन. काहीतरी सांगायचं होतं. म्हटलं, थांब, एवढा एक स्क्रू लागू दे. स्क्रू पडला आणि खोक्याच्या अशा कोपऱ्यात गेला की तिथून तो स्वतःहून आला तरच येणार. परत फोन उचलला तर पलीकडे कुणी नाही. मेसेज होता: काही नाही, नंतर.

नंतर सांगेलच.

७ सप्टेंबर

आज शांत डोक्याने विचार केला. माझ्या कॉम्प्युटरला चार पंखे आहेत. पुढे दोन, मागे एक, वर एक. मागचा आणि वरचा हवा बाहेर फेकतात. पुढचे दोन बाहेरची हवा आत ओढतात. म्हणजे दारात दोन माणसं उभी करून धुळीला या, बसा म्हणायचं, आणि मग ती बसली म्हणून तक्रार करायची.

हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

ठरलं. चारही पंखे बाहेर फेकणारे. आत यायचं कुणाला कामच नाही.

८ सप्टेंबर

पुढचे पंखे उलटे करून लावले. तीन तास. एक नख गेलं.

शिवाय पुढच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी हवी होती. लेकीच्या कपाटात गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे सापडले. एक उभा चिरून ताणून बसवला. जणू त्यासाठीच विणलेला. दुसरा धुवून ठेवला, बदलीला. पंखे पूर्ण वेगावर ठेवलेत, कायमचे. मोजा मधोमध फुगतो, पोट भरलेल्या मांजरासारखा. धुळीची काय हिंमत आहे.

१२ सप्टेंबर

तपासणी. टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापून खोक्याच्या प्रत्येक फटीसमोर धरल्या. मागच्या फटींना पट्टी चटकन चिकटते. पेनड्राइव्ह लावतो त्या भोकालाही चिकटते. पंखे किती जोरदार काम करतायत त्याचा हा पुरावा. खूप दिवसांनी समाधान वाटलं. निदान वाटायला हवं होतं. चहा केला, प्यायचा राहिला.

मोजा पाहिला. पांढराशुभ्र. चार दिवसांत धुळीचा एक कण नाही.

१५ सप्टेंबर

दुपारी लेकीचा फोन. एवढा आवाज कसला, विमानतळावर आहेस का, म्हणाली. पंखे आहेत म्हटलं. तिने विचारलं, माझे पांढरे लांब मोजे तिकडे राहिलेत का, नाटकात लागणार आहेत. मी म्हटलं, नाहीत बुवा.

एक तर आहेच कामावर. दुसरा एकटा देऊन काय उपयोग? खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. जोडी नाही इथे.

कसलं नाटक, विचारलं.  ती म्हणाली, सांगितलं होतं मी, वीस तारखेला, पाच वाजता, शाळेत. तू हो हो म्हणालीस.

म्हणाले असेन. पंख्यांच्या आवाजात मी हल्ली सगळ्यांनाच हो म्हणते. वीस तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली. लाल पेनाने.

१८ सप्टेंबर

कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद पडला. आतलं तापमान चौऱ्याण्णव अंश दाखवतो. शाळांसाठी भूगोलाचं पुस्तक लावतेय, मजकूर आणि चित्रं पानांवर बसवण्याचं माझं काम. नद्यांच्या धड्यात नकाशे फार, म्हणून तापत असेल. नवीन व्यवस्थेला रुळायला वेळ द्यायला हवा.

२० सप्टेंबर, संध्याकाळी सात

साडेतीनला तयार होऊन बसले होते. साडी नेसले होते. निघायच्या आधी एक पान पुरं करावं म्हणून बसले आणि पान होत आलं तेव्हा मशीन बंद पडलं. तीन पानं गेली. ती परत लावली. लावून होईपर्यंत साडेसहा.

आता निघून काही उपयोग नव्हता. साडी घडी करून ठेवली.

लेकीच्या बाबाने फोटो पाठवला. रंगमंचावर सात मुली एका रांगेत. सहा जणींचे मोजे पांढरे, लेकीचे काळे. फोटो छान आला आहे. उजेड चांगला आहे.

२२ सप्टेंबर

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आमच्या गल्लीत त्याला सगळे सावकाश म्हणतात. काहीही सांगा, तो म्हणणार, बघू सावकाश, ताई. झाकण उघडून तो इतका वेळ आत बघत राहिला की मला वाटलं, झोप लागली. आत राखाडी गालिचा होता. पहिल्यापेक्षा जाड.

मग त्याने सावकाश समजावलं. चारही पंखे हवा बाहेर फेकतायत. आत पोकळी झाली की खोकं मिळेल तिथून हवा ओढणार, प्रत्येक फटीतून, भोकातून, मागून. तिथे जाळी नाही, म्हणून धूळ थेट आत. कागदाची पट्टी चिकटत होती ती त्याच ओढीने. ताई, पुढून जाळीतून भरपूर हवा आत येऊ द्यायची आणि बाहेर जरा कमी फेकायची, म्हणाला. आत हवा भरलेली असली की फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत शिरत नाही. सगळं बाहेर फेकलंत, म्हणून सगळं आत आलं.

मी म्हटलं, पण मोजा पांढरा आहे. त्याने मोजा काढला आणि उलटा करून दाखवला. आतली बाजू मांजराच्या पाठीसारखी झाली होती. आतली धूळ आतून येऊन साचलेली. बाहेरून बघितलं तर मोजा कधीच काळा दिसला नसता.

पंखे फिरवून देऊ का, म्हणाला. म्हटलं, नको, मी करीन. धूळ तेवढी काढून गेला.

बारा वर्षांपूर्वी हेच सांगितलं असणार. मी फक्त पहिलं वाक्य घेतलं.

२४ सप्टेंबर

कारण सापडलं आहे, चार दिवसांत घर धूळमुक्त, हे कळवायला लेकीच्या बाबाला फोन केला. बऱ्याच महिन्यांनी. मुद्देसूद बोलले. पंखे, पोकळी, जाळी. तो ऐकत होता. मागे मांजर ओरडत होतं. त्याच्याकडे दोन मांजरं आहेत हे मला माहीतच नव्हतं. धूळ तर इथेही आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, गालिचाही आहे, म्हणाला. मी म्हटलं, अरे मग तिच्या शिंकांचं काय?

"कुठल्या शिंका?" तो म्हणाला.

  मग त्याने फोन लेकीला दिला. त्याने द्यायला नको होता, आणि मी ठेवायला हवा होता.

तिला म्हटलं, बाळा, मला वाटलं धुळीमुळे. ती रडली वगैरे नाही. अगदी साध्या आवाजात बोलली, जसं कुणी पत्ता सांगतं.

"आई, मी काही सांगायला आले की तू म्हणायचीस, थांब, एवढं पान संपू दे. मी पलंगावर बसून थांबायचे. पान संपलं की तू दुसरं उघडायचीस. मग मी शिंकायचे, म्हणजे तू निदान वळून बघायचीस."

मी म्हटलं, मोजे माझ्याकडेच आहेत. एक चिरला मी. ती म्हणाली, वाटलंच होतं मला, आई. नाटक झालं आता. मग तिला जेवायला हाक आली.

मला काय वाटलं ते इथे लिहायला हवं. सुचत नाही. 

२५ सप्टेंबर

पानं लावली. अकरा.

२६ सप्टेंबर

पानं लावली. चार. मग नुसतीच बसले. तिच्या पलंगावर बसून बघितलं. तिथून माझी फक्त पाठ दिसत असणार. खुर्चीची पाठ उंच आहे, म्हणजे तीही पुरती नाही.

२७ सप्टेंबर, दुपारी

कॉम्प्युटर बंद केला. आपोआप पडला नाही, मी केला. पान एकशे बेचाळीस अर्धं आहे, नदी समुद्रापर्यंत पोचलेली नाही. असू दे.

पंखे थांबल्यावर घर कसं ऐकू येतं ते विसरले होते. नळ गळतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं. दुसरा मोजा अजून दोरीवर आहे, कधीचा वाळलेला.

एकटीने पंखे सरळ करणं जमेल मला. उलटे एकटीनेच केले होते. त्या पडलेल्या स्क्रूचीही खरं तर गरज नाही. तरी तिला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. तीन दिवसांनी फॉर्म आहे. ती काय म्हणेल ते माहीत आहे: अभ्यास आहे, आई. म्हणायलाच हवं तिने. पाठवला आणि फोन उलटा न ठेवता समोर ठेवला.

"उद्या येशील का? पुढचे दोन पंखे फिरवायचेत, टॉर्च धरायला कुणीतरी हवं. राहायला ये म्हणत नाही. फॉर्मचं विचारणार नाही. शिंक आली तर लगेच जा."