डाव्या कप्प्यातली पिशवी

३ मार्च
वहिनीने दादाच्या सुतारकामाच्या खोलीची किल्ली दिली. "भावजी, तुम्हीच आवरा." जाववलं नाही. सरळ हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो — ऑपरेशन करायचं म्हणून सांगितलं. 'गोळ्यांवर भागतंय, बघू' म्हणत दादाने दोन वर्षं घालवली आणि मेंदूत गुठळी जाऊन तो गेला. माझे ठोकेही त्याच्यासारखेच अनियमित. मी बघत बसणार नाही!

५ मार्च
स्कॅन. बाईंनी पडद्यावर माझ्या हृदयाचा डावा वरचा कप्पा फिरवून दाखवला. फुफ्फुसांकडून चार शिरा येतात. माझ्या डावीकडच्या दोन आत शिरण्याआधीच एक झाल्यात. "गडबड बहुतेक या तोंडांपाशी सुरू होते. जांघेतून तार नेऊन तोंडांभोवती डागायचं, म्हणजे विजेची वाट बंद." कडेला एक छोटी पिशवी, कानाच्या पाळीएवढी. ठोके बिघडले की रक्त तिथे साचतं. दादाची गुठळी बहुधा तिथलीच.
एवढीशी पिशवी!

९ मार्च
शेवटी खोली आवरायला घेतली. दादाच्या पटाशीने बोट कापलं, रक्त थांबेना. वहिनी घाबरली. "रक्त पातळ करायच्या गोळ्या खाता आणि हत्यारं कसली हाताळता? एक गेला तेवढं पुरे नाही का?"
आज गोळी घेतली नाही. जखम भरेपर्यंत नकोच.

१८ मार्च
ऑपरेशन रद्द. आधी घशातून नळी घालून पिशवी तपासतात. आत गुठळी.
"गोळ्या चुकवल्यात?"
"बोट कापलं होतं..."
"अहो काका, बोटाचं रक्त दिसतं तरी! तार आत नेली असती तर ही सुटून मेंदूत गेली असती."
वहिनी म्हणाली, "बरं झालं. आता सोडा हा नाद."
सोडणार नाही.

२ मे
गोळ्या दोन्ही वेळा, न चुकता. वहिनीचा फोन — "गोळ्यांवर भागतंय ना?" म्हटलं, दादाही हेच म्हणायचा. तिने फोन ठेवला. बोलायला नको होतं. पण खरं आहे.

२१ मे
पिशवी स्वच्छ. झालं एकदाचं! उताणा पडून लिहितोय. पाय हलवायचा नाही. नर्सबाई — "हललात तर आता मी डागीन!" तीन महिने अधूनमधून ठोके चुकतील म्हणाल्या डॉक्टरीणबाई. चुकू देत.
दादा असता तर म्हणाला असता, तू पुढे हो, मी आलोच.

३० मे
वहिनी आली, दादाच्या मुलीला घेऊन. बसली नाही. पोरीचा हात माझ्यापुढे धरला. "भावजी, हिची नाडी बघता?"
बघितली. एक ठोका धड नाही.
मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "चला. आत्ताच जाऊ."