दुसरं पाकीट

खडकी, ६ फेब्रुवारी

ती. दीपाताईस,

मैनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही सगळे बरे आहोत. तू बरी नाहीस हे मला माहितीये, म्हणून पत्र.

फोनवर तुझ्या सासूबाई स्पीकर लावायला सांगतात, आणि मला तर नुसतं कशी आहेस हेही तोंडाने विचारता येत नाही. शेजारचे नागोराव काका तुमच्या वाघोलीच्या कॉलेजात वॉचमन, रोज येतातच तिकडे, ते आणून देतील. त्यांनी विचारलं, दोघींचे फोन मेले का. मी म्हटलं चटणीची कृती लिहिलीये. ते म्हणाले, बरीच जाड चटणी हाय.

ताई, दादाच्या हळदीला तू पोट धरून तीनदा उठलीस. मोरीशी मला म्हणालीस की अंगावरून जातं, वास येतो, आग होते, आणि लगेच म्हणालीस जाऊ दे, तू लहान आहेस. मला अठरा पूर्ण झाली. शाळा नववीत सुटली म्हणून वय काही थांबलं नाही.

कसब्यातल्या छापखान्यात मी घड्या घालते ते तुला माहितीच आहे. या आठवड्यात एका संस्थेचं बायकांच्या आजाराचं पत्रक आलंय, दोन हजार. तीन घड्या, पट्टीने दाबायच्या. दाबता दाबता मी वाचलं. मालक महिपतकाका म्हणाले, कागद घडी घालायला दिलाय, परीक्षेला हेच येणार आहे का. मला इतकी लाज वाटली की मी कागद उलटा धरून वाचायला लागले.

त्यात तुझंच सगळं लिहिलंय. ती उष्णता नसते, आजार असतो. गोळ्यांनी जातो. अंगावर काढला तर वर गर्भपिशवीच्या नळ्यांपर्यंत जातो आणि मग मूल राहायला त्रास होतो. एक पत्रक सोबत ठेवलंय. मनपाच्या दवाखान्यात बाई डॉक्टर असतात. जा ना.

आईला काही सांगितलं नाही. रागावू नकोस, आणि तुझी ही भित्री बहीण मनातून काढू नकोस.

तुझी,
मैना

वाघोली, १५ फेब्रुवारी

चि. मैनास,

दीपाताईचा जयभीम आणि एक धपाटा. तोंडातून शब्द न काढणारी पोरगी कागदावर एवढी बोलते हे मला माहीत नव्हतं.

गेले. घरी सांगितलं की रेशनच्या कामाला जाते. डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. मी पोट दुखतं एवढंच म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं गं. मी रडायलाच लागले. दुखतं, आणि आता तर ह्यांनी नुसता हात लावला तरी अंग दगडासारखं होतं. त्या म्हणाल्या, अंग आधीच घाबरतं, त्यात तुझी चूक नाही. आधी आजार बरा करू, मग त्याचंही बघू, त्यालाही उपाय असतो. पडद्यामागे तपासलं, कापसावर काहीतरी घेतलं, रक्तही घेतलं.

सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात. दोन पाकिटं. एक माझं, एक ह्यांचं. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं आणि तोवर लांब राहायचं. त्यांना घेऊन ये म्हणाल्या.

सासूबाई अजून धण्याचं पाणी पाजतायत आणि माझी अंडी बंद केलीत. उष्णता ना. बघू, आज ह्यांची ड्यूटी सकाळची आहे, संध्याकाळी सांगते.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

वाघोली, २० फेब्रुवारी

चि. मैनास,

जयभीम. ह्यांना सांगितलं, त्यांनी गोळ्या घेतल्या. काळजी नको. आता पत्रं पुरेत, काकांना उगाच त्रास.

ताई

खडकी, २३ फेब्रुवारी

ती. दीपाताईस,

सप्रेम जयभीम. वि. वि. काल नागोराव काका पेढे घेऊन आले. तुझ्या सासूबाईंनी दिले म्हणे. सून चार दिवस उलट्या करतेय, आता नातू येणार, असं सगळ्या गल्लीत सांगून झालंय. आई आनंदाने रडली. मग बाबासाहेबांच्या फोटोपुढे पेढा ठेवला आणि मलाही एक दिला. मी तो गुपचूप परत डब्यात ठेवला.

कारण पत्रकाच्या सगळ्यात आतल्या घडीत लिहिलंय की ह्या गोळ्यांनी मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते. पण थोडं. चार दिवस आडवं पडण्याएवढं नाही.

ताई, दाजींनी गोळ्या घेतल्या असं तू दोन ओळीत लिहिलंस. तू दोन ओळीत कधी काहीच सांगत नाहीस. मागे मिक्सर घेतला तेव्हा तासभर त्याचंच सांगत होतीस.

तू किती गोळ्या घेतल्यास?

उत्तराची वाट बघतेय. रागात का होईना, लिही.

तुझी,
मैना

वाघोली, २६ फेब्रुवारी

चि. मैनास,

जयभीम.

दोन्ही पाकिटं मीच घेतली. सकाळी एक माझी, एक त्यांची. वाटलं, दुप्पट औषध माझ्या अंगात गेलं तर दोघांचं मिळून होईल. आता लिहिताना वेडेपणा वाटतो, पण तेव्हा हिशोब बरोबर वाटला होता.

कसं सांगणार होते सांग. ह्यांच्या पुढे पाकीट ठेवलं की पहिला प्रश्न येणार, हा आजार आला कुठून. एक तर माझ्याकडून, नाहीतर त्यांच्याकडून. हा प्रश्न घरात एकदा आला की परत बाहेर जात नाही. मी तर लग्नाआधी कुणाचा हातही धरला नव्हता. मग काय उरतं? ते मला ऐकायचं नव्हतं.

वरून सासूबाई पेढे वाटून आल्या. पाळी काल आली. त्या बोलत नाहीत माझ्याशी, जणू मी फसवलं. ह्यांनाही वाईट वाटलं, बाहेरच बसून होते बराच वेळ. आणि मागच्या शनिवारी मी त्यांना नाही म्हणू शकले नव्हते. आता परत तेच, आग, वास, आणि अंगात ताप आहे.

हे पत्र फाडून टाक. आणि कुणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ.

ताई

खडकी, २७ फेब्रुवारी

ती. चेतन दाजी यांस,

मैनाचा सविनय जयभीम. वि. वि. मी तुमच्याशी लग्नापासून चार वाक्यंही बोलले नसेन. तुम्ही मला मुकी मैना म्हणता, त्याचा मला राग नाही.

हे पत्र ताईला न विचारता लिहितेय. तिने शपथ घातली होती, ती मी मोडली. तिच्या अंगात ताप आहे आणि तो उष्णतेचा नाही. तिला आजार आहे. औषध दोघांनी घ्यायचं असतं. एकाने घेतलं तर दुसऱ्याकडून परत येतो. पुरुषाला बऱ्याचदा काही जाणवतही नाही, म्हणून तो कधीपासून आहे हे सांगता येत नाही, असं सोबतच्या पत्रकात आहे. तिने तुमच्या वाट्याच्या गोळ्या स्वतः खाल्ल्या. त्याच त्या उलट्या.

कुणाकडून आला हे मी विचारत नाही, माझा तो अधिकार नाही. फक्त उद्या तिला दवाखान्यात न्या आणि स्वतःपण आत जा. अजून थांबलो तर तिला मूल राहायला त्रास होईल, आणि त्याचं खापर तिच्यावरच फुटेल, हे तुम्हालाही माहितीये.

हे लिहिताना माझे कान गरम झालेत. चुकलं असेल तर मला बोला, तिला नको.

तुमची,
मैना

वाघोली, ५ मार्च

चि. मैनास,

जयभीम. पत्र मिळालं. पहिल्यांदा डोकं फिरलं. एवढीशी मुलगी मला काय शिकवते, असं झालं. दीपालाही बोललो, ते बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. बाकावर सगळ्या बायका, मी एकटाच पुरुष. एका म्हातारीने सरकून जागा दिली. डॉक्टरबाईंनी दीपाला इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या. मग मला एकट्याला आत बोलावून विचारलं. लग्नाआधी मी रांजणगावला कंपनीत होतो तेव्हाचं आहे. तेव्हा त्रास झाला होता, मेडिकलमधून विचारून गोळ्या घेतल्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बाकीच्या टाकून दिल्या. मग विसरलो. खरंच विसरलो होतो.

हे मी दीपाला बसमध्ये सांगितलं. ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. गोळ्या मात्र दोघं एकाच वेळी घेतो, ती पाणी आणून ठेवते. आईला मी सांगितलं की दोष माझा आहे, दीपाला काही बोलायचं नाही. आईने धण्याचं पाणी आता मला सुरू केलंय.

मुकी म्हणायचो ते मागे घेतो.

तुझा,
दाजी

खडकी, १९ मार्च

ती. दीपाताईस,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. काका रोज रिकाम्या हाताने येतात आणि म्हणतात, चटणी संपली जणू.

शपथ मोडल्याचा राग असेल तर तो राहू दे, मी परत तेच करेन. दाजींवरचा राग मला कळतो. तो गोळ्यांनी जाणार नाही. तो लगेच जावा असं मी म्हणणारही नाही.

एक सांगायचं होतं. पत्रकं परत छापायला आली, अजून तीन हजार. औषध दोघांनी का घ्यायचं, एकाने घेऊन का भागत नाही, हे सगळ्यात आतल्या घडीत जातं. बायका बाहेरचंच वाचतात आणि पिशवीत कोंबतात. तुझंही तसंच झालं असणार, तुला पत्रक मीच घडी घालून दिलं होतं. मी महिपतकाकांना म्हणाले, घडी उलटी घालू, हे बाहेर आणू. तोंडाने म्हणाले ताई, सगळे ऐकत होते. काकांनी चष्मा नीट करून पत्रक परत वाचलं. मग म्हणाले, आता संस्थेच्या बाईंना फोन करून तूच विचार. मी केला. त्या हो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तुझ्या नव्या तपासणीचा रिपोर्ट आहे असं दाजींनी कळवलंय. त्याआधी रविवारी मी येतेय. पत्र आणणार नाही. आपण दोघी गच्चीवर जाऊ आणि मी तोंडाने विचारीन, कशी आहेस. तू बरी आहे असं दोन शब्दांत म्हणालीस तर मी खाली उतरणार नाही.

तुझीच,
मैना