वेंडेलचा पाय घसरला

१२ जानेवारी
काल आइस हॉकीच्या मॅचमध्ये वेंडेल पडला. मी त्याच्या मागे होतो, एवढंच. दोघंही पकमागे, त्या रबरी चकतीमागे, सुटलो होतो. आमच्या पन्नाशीपुढच्यांच्या लीगमध्ये धक्का मारायला बंदी आहे. म्हणजे मी धक्का मारलेला असूच शकत नाही. हात लागला असेल. दोन्ही लागले असतील. त्याचं हेल्मेट कठड्यावर आपटलं, तो आवाज मात्र कानातून जात नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेताना सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे स्टिका बर्फावर आपटल्या. सर्वांत जोरात मी. रेफरी नेमका दुसरीकडे बघत होता. या माणसाच्या हातात शिट्टी दिली कुणी?

१३ जानेवारी
ठरलं. उद्या जाऊन स्वच्छ सांगायचं, बाबा रे, मी ढकललं, चुकलो. माझी बायको ल्युबा म्हणाली, उद्या कशाला, आत्ताच ऊठ. बायकांना वैद्यकातलं काही कळत नाही. मेंदूला मार बसलाय, अंधाऱ्या खोलीत झोपवलंय, बोलणं वर्ज्य. अशा माणसाची माफी मागणं म्हणजे त्याला छळणंच.

१६ जानेवारी, पहाटे
उणे तीस. वेंडेलच्या दारातला बर्फ गुपचूप उपसून आलो. कंबर गेली, पण मन हलकं झालं.

संध्याकाळी
त्याच्या बायकोने, नोरीनने, शेजाऱ्याचे आभार मानले म्हणे. आणि त्या गृहस्थाने ते घेतलेसुद्धा! लाज कशी वाटत नाही लोकांना?

२० जानेवारी
गेलो एकदाचा. ल्युबाने केलेले पेरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, घेऊन. वेंडेल स्वयंपाकघरात काळा चष्मा लावून बसला होता. स्वतःच्या कुत्र्याचं नाव आठवेना म्हणून हसत होता. मला हसू येईना. मग त्याने विचारलं, ऑरेस्ट, मी पडलो कसा रे? मला काहीच आठवत नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात नोरीन म्हणाली, त्याच्या डोक्याला ताण देऊ नका. म्हणून थोडक्यात आटपलं. म्हणालो, पाय घसरला.
पेरोगी घशाखाली उतरेनात. आग्रह मोडवेना म्हणून खाल्ले.

२४ जानेवारी
लीगने खेळाडूंच्या सुरक्षेचं काम माझ्यावर सोपवलं. वेंडेलची एवढी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नाही म्हणे. मी नको नको म्हणालो, जरा हळू आवाजात. पहिला नियम केला : मागून ढकलणारा अख्खा सीझन बाहेर. नियम मागच्या तारखेपासून लागू होत नाही ना, हे आधीच विचारून घेतलं.

२ फेब्रुवारी
दुकानात नोरीन भेटली. रडायलाच लागली. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांचा खेळाडू उगाच कसा पडेल? आधी भोवळ आली असणार. म्हणजे पुन्हाही येऊ शकते. वेंडेल शाळेची बस चालवतो. तपासण्या होईपर्यंत त्याचं लायसन्स थांबवलंय. मी खरं बोललो की बस परत त्याच्या हातात. किती सोपं आहे! आत्ता जाणार होतो, पण घसा धरल्यासारखा वाटतोय.

३ फेब्रुवारी
मिठाच्या गुळण्या. ल्युबा बोलत नाही.

४ फेब्रुवारी
आज वाक्य पाठ करून गेलो. दारातच धडाधडा बोलून टाकणार, तर वेंडेलच सुरू झाला. बसच्या किल्ल्या सकाळी परत करून आला होता. कायमच्या. तपासण्याही नको म्हणाला. मागे पोरं बसलेली असताना भोवळ आली तर? या विचाराने त्याला झोप नाही. मग माझा हात धरून म्हणाला, त्या दिवशी तू इतका जवळ होतास, माझ्यापायी तुला काही झालं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.
मी म्हणालो, हो रे, थोडक्यात वाचलो.