वाऱ्याचा उजवा हात

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसलेय ती स्वतःवर चिडून. मी वडूजला भूगोल शिकवते, तुमच्यामुळेच. पण परवा बारावीच्या वर्गात मी जे केलं ते तुम्ही पाहिलं असतं, तर माझे कान उपटले असते.

ग्रहीय वारे शिकवत होते. उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात म्हणाले आणि विषुववृत्ताकडे खाली येणारा बाण घाईत पूर्वेला वळवला, नकाशाच्या उजवीकडे. मागून एक पोरगी उठली. "बाई, वारा खाली चाललाय. मग त्याचा उजवा हात पश्चिमेला यील की. न्हाईतर समुद्राचं पाणी पश्चिमेला कोण ढकलणार?" चूक मला त्याच क्षणी दिसली. पण सगळा वर्ग बघतोय, दोघंजण खुसखुसतायत, आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. "लय शहाणी झालीस? बस खाली. आधी पुस्तक वाच, मग तोंड उघड!" ती बसली. बाण फळ्यावर तसाच राहिला.

काल तिचे वडील आले. सुभेदार आहेत, सुट्टीवर आलेले. पोरीला सैन्यात अधिकारी व्हायचंय आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत आज संपणार होती. "आवं बाई, कालपास्नं म्हणती, मला काय येत न्हाई, अर्ज नको. लय समजावलं. आता तुमीच सांगा, भरू का सोडून देऊ?" भरा, मी म्हणाले. ते उठले नाहीत. "माझं न्हाई ऐकायची ती. तुमच्या तोंडनं ऐकू दे." मला त्यांच्याकडे बघवेना.

मग तुमची आष्ट्याची शाळा आठवली. तुम्ही व्हरांड्यात खडूनं अख्खं जग काढलंय आणि आम्हाला त्यावरून चालायला लावताय. "वारा हो गं. जिकडं चाललीस तिकडं तोंड. आता उजवा हात बाजूला पसर!" मी उत्तरेकडून चालत येते, हात पसरते, आणि तो बरोबर पश्चिमेला जातो. आणि तपासणीचा तो दिवसही आठवला. साहेब येणार म्हणून व्हरांडा धुऊन काढलेला. तुम्ही फळ्यावर शिकवताय, एक डोळा दाराकडे, आणि तुमचाही बाण पूर्वेला वळतो. "हेच शिकवता का मुलांना?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून विचारलंत, "तुला तरी दिसलं नाही का गं?" मी म्हणाले, "न्हाई बाई."

आज सकाळी मी व्हरांड्यात जग काढलं. गुडघे बोलायला लागले, पण काढलं. वर्गाला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "परवाचा बाण मी चुकवला. ही बरोबर होती. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी हिला गप्प बसवलं." कुणी हसलं नाही. "चल, वारा हो," म्हणाले तिला. ती जागची हलेना, खाली मान घालून उभी. मला वाटलं, गेलं सगळं हातातून. बऱ्याच वेळानं तिनं चपला काढल्या आणि कर्कवृत्तापासून चालत निघाली. विषुववृत्ताशी येऊन उजवा हात बाजूला पसरला. "पाणी कुठं चाललं मग?" मी विचारलं. "पश्चिमेला," ती म्हणाली, आणि पुढं हळूच, "बाई, मी तवा बोलले ते चुकलं का?" "न्हाई गं. मी परत चुकले तर परत उठायचं." दुपारी बापलेक नेट कॅफेत जाऊन अर्ज भरून आले.

हे पत्र कुठं टाकायचं, मला ठाऊक नाही. पोरीला सांगितलं, तुम्हाला मात्र कधीच सांगितलं नाही. त्या दिवशी मला दिसलं होतं, बाई. पहिल्या बाकावर होते मी. साहेब अजून दारात चपला काढत होते. मी नुसतं "बाई" म्हणाले असते, तरी तुम्ही तो बाण पुसला असता.