विमानाच्या दारातला दोरा

३ फेब्रुवारी, सोमवार
आज विमान आमच्या ओट्यावर! खरं नव्हे — कागदावरचं. सून गायत्री इच्छापोरच्या ऑफिसातून काम घरी घेऊन आली. विमानाच्या दारातल्या वायरींचं जुनं, सपाट चित्र. त्यावरून तीच वायर कम्प्युटरात उभी करायची, चहूबाजूंनी फिरवून बघता येईल अशी. जमलं तर नोकरी पक्की. नाहीतर परत साड्यांच्या दुकानात बिलं फाडायची.
"आई, कागदावर सरळ रेघ आहे. आत कुठून वळते तेच दिसत नाही," म्हणाली. तोंड एवढंसं झालेलं.

४ फेब्रुवारी
सकाळी गायत्रीनं मला रोजची साखरेच्या दुखण्याची सुई दिली. माझा जन्म गेला साड्यांना लेस लावण्यात, पण सुई स्वतःच्या पोटाला लावायची म्हटली की हात लटपटतो. ती बोलत बोलत टोचते. कळतसुद्धा नाही.
मग मी साडीचं रिकामं खोकं घेतलं. (अशाच खोक्यांवरची नावं जुळवत वाचायला शिकले मी!) झाकण म्हणजे दार. भोकं पाडली, दोरा ओवला. पोरगी खूश! झाकण उघडलं तर दोरा तटकन तुटला.
म्हटलं, "ढील ठेव गं. सगळीकडे जरा जरा. ताणलं की तुटतं — दोरा काय नि माणूस काय!"
तिनं तसंच केलं. मी आपली फुगले पुरीसारखी.

७ फेब्रुवारी
काम परत आलं.
तिच्या ऑफिसातल्या संदीप साहेबांचा फोन. आवाज पार चुलीपर्यंत — "गायत्रीबेन, आ शुं छे? कपडां सुकव्यां छे?" वायरी लोंबतात म्हणे, वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. विमान थरथरतं, लोंबती वायर कडेला घासते, वरचं आवरण जातं. ढील फक्त दार वळतं तिथं, तीही मापात. बाकी ठिकाणी घट्ट धरून ठेवायची.
माय वं! माझं शहाणपण तिला भोवलं. आणि तिनं माझं नावसुद्धा काढलं नाही.
"सांगायचं ना, सासूनं शिकवलं म्हणून!"
"मग साहेब म्हणाले असते, सासूलाच पाठवून द्या!" — हसली. डोळे मात्र लाल.

८ फेब्रुवारी
खोकं पुन्हा काढलं. ती सांगेल तिथं मी दोरा टाचला. आज तोंड उघडलं नाही!

१२ फेब्रुवारी
पास! नोकरी पक्की!
शेवभाजी केली, चांगली झणझणीत. मुलगा योगराज पांडेसऱ्याहून मिलच्या कपड्यांतच आला नि बायकोकडे बघतच राहिला. "आता काय, विमान चालवणार का?" पोरगा माझा, पण बोलायची अक्कल नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

१४ फेब्रुवारी
गॅलरीत कपडे काढायला गेले. गायत्री पाठमोरी, फोनवर — "नाही सर, बेंगळुरूला नाही जमणार. सहा महिने… घरी आई आहेत. ह्यांची पहाटेची पाळी. सकाळची सुई कोण देणार?"
खऱ्या विमानाशेजारी बसून काम करायला बोलावलंय तिला! घरात चकार शब्द नाही.
खरं लिहिते — आधी बरं वाटलं. माझ्यासाठी थांबतेय पोरगी. भाकरी थापायला बसले नि वाटलं, माझ्या एका सुईपायी पोरगी अडकली. भाकरी करपली.

१५ फेब्रुवारी
फळीवरचं खोकं काढलं. झाकण उघडून मिटून पाहिलं, कितीदा तरी. दोरा तुटत नाही आता. छान जमलंय पोरीला.

१७ फेब्रुवारी
गायत्री न्हाणीत होती. आज सुई माझी मीच टोचली. तिच्यासारखीच बोलत बोलत — पण टोचली!
तेवढ्यात तिचा फोन वाजला. संदीप साहेब. "गायत्रीबेन, शेवटचं विचारतो…"
म्हटलं, "मी सासू बोलते. जातेय ती बेंगळुरूला."
आता तिला सांगायचं राहिलंय.