तुमच्या बंधूंनी ट्रकला गॅस पाजला

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा लांबूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींना ऐकू यायचं यंत्र बसवल्याचं कळलं. आनंद झाला, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याआधी एकदा मनात वाचा. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी. तुमच्या धाकट्या बंधूंचीही तब्येत ठणठणीत आहे, भूक उत्तम, झोप तर विचारूच नका. बिघाड फक्त मानेच्या वर आहे, आणि तो तुमच्याकडून आला तेव्हापासूनचाच असावा असं माझं प्रामाणिक मत आहे. (राग मानू नका. तुम्ही त्यांना कडेवर घेऊन फिरायचात, एकदा तरी हातून निसटले असतील.)

सामान हलवायचा आपला ट्रक तुम्ही पाहिलेला आहे. पेट्रोलवर चालणारा, वयाने पोक्त, कपाटांची आणि सोफ्यांची सवय असलेला सुस्वभावी प्राणी. मध्यंतरी तुमच्या बंधूंनी त्याच्या इंजिनात वेगळा कॅमशाफ्ट, मोठा कार्बोरेटर आणि रुंद सायलेन्सर घातला. (याला ते ‘किरकोळ डागडुजी’ म्हणतात. तेव्हापासून तो उभा असतानाही दगड भरलेल्या पिंपासारखा खडखडतो आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खिडक्या लावून घेतात.) एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस पाण्याच्या टाकीच्या चढावर बर्फाच्या कारखान्याचा ट्रक, तोही पुरता भरलेला, आम्हाला मागे टाकून गेला. बर्फवाल्याने जाता जाता हात केला. माझ्या मते तो साधा नमस्कार होता. ज्यांचं सामान नेत होतो ते निवृत्त न्यायाधीश आमच्यासोबत केबिनमध्ये बसले होते. ते म्हणाले, "त्याचा माल वितळतो हो, त्याला घाई असणारच." बिचाऱ्यांनी सांत्वन केलं, पण तुमचे बंधू घरी येऊन भरल्या ताटावरून उठले, आणि जुन्या धावपट्टीवर ट्रकांची शर्यत व्हायची होती, तिच्यात बर्फवाल्याविरुद्ध स्वतःचं नाव घालून आले.

आता इंजिनाबद्दल सल्ला हवा असेल तर माणूस मेकॅनिककडे जातो. हे नाक्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे तो दिवसभर मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ बघतो, आणि त्यातून त्याला जगातलं सगळं कळतं. त्याने नायट्रस ऑक्साइडची निळी बाटली सुचवली. दातांचे डॉक्टर रोग्याला हुंगवतात तोच हा वायू. इंजिनात सोडला की पेट्रोल जास्त जळतं आणि ताकद वाढते. गंमत म्हणजे हा वायू स्वतः कधी पेटत नाही, फक्त दुसऱ्याला पेटवायला मदत करतो. (थोडक्यात, चष्मेवाल्यासारखाच.) बाटली गार पडली की तिचा दाब उतरतो म्हणे, म्हणून ती आमच्या खोलीत, माझ्या रजईत, आम्हा दोघांच्या मधे झोपू लागली. हे झोपेतून उठून तिला हात लावून बघायचे. मला ताप आला होता तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, "पंखा बंद कर, बरं वाटेल."

किती वायू जायचा ते बारीक भोकाच्या एका पितळी तुकड्यावर ठरतं, त्याला जेट म्हणतात. एक वायूचा, एक पेट्रोलचा. शहाणा माणूस सगळ्यात लहान जोडीपासून सुरुवात करतो. यांनी वायूचा जेट सगळ्यात मोठा लावला (‘लहानच लावायचा तर आणला कशाला?’) आणि पेट्रोलचा सगळ्यात लहान ठेवला, बचत म्हणून! वायू जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की आतला पिस्टन लोण्यासारखा वितळतो, हे मला पार्ट्सच्या दुकानातल्या बाईने सांगितलं. मी ते घरी सांगितलं. घरात माझं ऐकायची पद्धत नाही. शिवाय वायूवर आतला जाळ झपाट्याने पसरतो, म्हणून ठिणगी जराशी उशिरा पाडावी लागते. चष्मेवाल्याने ती लवकर पाडायची सोय केली, कारण व्हिडिओ आरशासारखा उलटा होता आणि डावीकडे फिरवायचं ते त्याने उजवीकडे फिरवलं. जन्मभर लोकांना आरशासमोर बसवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये!

मग ‘नुसतं बघू या’ म्हणून अंगणात, गाडी उभी असताना, यांनी वायू सोडायचं बटण दाबलं. ते इंजिन पूर्ण जोरात असतानाच दाबायचं असतं. आधी फुस्स झालं, मग असा बार उडाला की एअर फिल्टरचं झाकण मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसलं. चष्मेवाला वाकून बघत होता, त्याच्या दोन्ही भुवया गेल्या. (चष्म्यामुळे डोळे वाचले, हे आता त्याच्या दुकानाच्या पाटीवर आहे.)

मला हसू आलं नाही, वन्सं. हा ट्रक गेला तर आम्ही काय कपाटं डोक्यावरून वाहायची? मी पायरीवरच बसकण मारली. तेवढ्यात बार ऐकून मागच्या गल्लीतल्या कारखान्यातून बर्फवाला धावत आला. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"हे कोणी केलं?"

तुमचे बंधू म्हणाले, "शर्यतीत बघशील."

"शर्यतीपर्यंत इंजिन टिकलं तर बघेन ना! वहिनी, यांना गाडी द्या, पण हातात पाना देऊ नका."

मग त्याने स्वतःच बाह्या सरसावल्या. वाईट जुळवलेलं इंजिन त्याला बघवत नाही, आमच्याबद्दल प्रेम वगैरे काही नाही. लहान जेटांची जोडी लावली, ठिणगी मागे घेतली, थंड जातीचे स्पार्क प्लग घातले, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय वायू सुटणारच नाही असं बटण बसवलं. रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून आणली, प्लग काढून चष्मेवाल्याच्याच भिंगाखाली पाहिला. धातूचा कण नाही, जळका डाग नाही, म्हणजे पिस्टन शाबूत. म्हणाला, "आता पळेल."

यावर तुमच्या बंधूंनी जाहीर केलं की शत्रूच्या हातची गाडी ते चालवणार नाहीत. झालं! शर्यतीच्या दिवशी धावपट्टीच्या कुंपणाला टेकून, पाठ करून उभे. तिकडे बर्फवाला गाडी लावून वाट बघतोय आणि लोक शिट्या मारताहेत. मग बसले मीच. (एरवी तरी कोण चालवतं? हे बहुतेकदा मागे कपाटाला मिठी मारून ‘सावकाश!’ ओरडत असतात.) निशाण पडलं, दुसऱ्या गिअरमध्ये मी पाय तळाला दाबला आणि बटण दाबलं. वन्सं, काय सांगू, कोणीतरी मागून दोन्ही हातांनी ढकलावं तसा ट्रक निघाला. बर्फाचा तो पांढरा ट्रक खिडकीतून हळूहळू मागे सरकत गेला. हातभराने जिंकले. बर्फवाला उतरून आला आणि माझ्याशी नाही, इंजिनाशी बोलला, "शाब्बास!"

चष्मेवाला सांगतो की तुमचे बंधू शेवटी वळले होते आणि कुंपणाच्या कडेने, एक चप्पल मागे टाकून, माझ्याबरोबर पळत होते. असतील. धापा टाकत आले खरे. आले आणि म्हणाले, "क्लच जरा लवकर सोडलास."

तेव्हा वन्सं, आता तुम्हीच वडीलकीच्या नात्याने त्यांना आठवडाभर तिकडे ठेवून घ्या. हवापालट होईल. भावोजींना नमस्कार, आणि गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. हे सगळे चाळे मला मुळीच पसंत नाहीत, हे वर लिहायचं राहून गेलं असेल तर इथे समजावं.

ता. क. दुसरा. ती निळी बाटली फक्त तुमच्याच गावात भरून मिळते. तुमचे बंधू येताना ती घेऊन येतील. पुढच्या शर्यतीला मी माझंच नाव घातलं आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. तेव्हा त्यांना सावकाश पाठवा, बाटली मात्र भरल्या भरल्या पाठवा.