आठशे चौदा नंबरचं पुस्तक

तांडापेठ, नागपूर
५ मे २०२५

ती. सौ. अनुसया आत्यास,
धनश्रीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयानं सहावी ते दहावीच्या मुलांसाठी सुट्टीतलं वाचन सुरू केलंय. तीन पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकाबद्दल बाहेरगावच्या कुणालातरी टपालानं पत्र लिहायचं. आलेलं उत्तर वहीत चिकटवायचं. फोन चालणार नाही, असं वाचनालयाच्या भैरवी मॅडमनी आधीच बजावलंय. मी तुला निवडलं, कारण फोनवर तू 'बरं आहे, ठेवते' याच्यापुढे कधी जातच नाहीस.

आता खरी गंमत. मॅडमनी जुन्या कपाटातलं काहीही उचला म्हटलं. मी सगळ्यांत जाड पुस्तक उचललं, म्हणजे मॅडम दुसरं लवकर हातात देणार नाहीत! कव्हर फाटलं म्हणून कुणीतरी निळ्या रेक्झीननं बांधलंय, त्यामुळे नाव नाही, नुसता ८१४ नंबर. गोष्ट एका दीपगृहाची आहे. बाप होडीतून तेल आणायला गेलाय आणि मुलगी एकटीच दिवा सांभाळतेय. बरी आहे.

पण आत्या, मागच्या पानाला तारखांचा कागद चिकटवलाय आणि त्यावर तुझं नाव आहे! 'अनुसया चंपतराव.' एकदा नाही, तेवीस वेळा! ४ एप्रिल १९८८पासून २८ फेब्रुवारी १९८९पर्यंत, दर पंधरा दिवसांनी. मध्ये दुसऱ्या कुणाचंच नाव नाही. तीनशे पानांना अकरा महिने? तू इतकी हळू वाचायचीस? की पाठ करत होतीस? आणि एकशे बाराव्या पानावर लाल सुताचा धागा आहे. तो नुसता ठेवलेला नाही, शिलाईला बारीक गाठ मारून बांधलाय. ओढून पाहिला, निघाला नाही.

आजोबांचा उजवा कान आता पूर्ण गेलाय. डाव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोललं तरच ऐकू येतं. डॉक्टर बाबांना म्हणाले की वर्षभरात तोही जाईल, मशीनचाही फार उपयोग नाही. बाबा कोराडीच्या ड्युटीवरून आले की रोज त्यांच्याशी जोरात बोलतात, मग शेजाऱ्यांनाही आमचं सगळं कळतं.

उत्तर मोठं पाठव, वहीची दोन पानं तरी भरली पाहिजेत. अमोलदादाला नमस्कार. तुझी माया इकडेही थोडी वळू दे.

तुझी भाची,
धनश्री

*

उमरेड
११ मे २०२५

चि. धनश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझा अमोल खाणीतून ड्युटी करून आला, तरी मी चूल पेटवलेली नव्हती. भाचीनं आत्याला हळू वाचणारी म्हणावं, हे काही बरं नाही हं! तुझी आत्या दहावीला बासष्ट टक्के घेऊन पास झाली होती, आणि तेही कांड्या भरता भरता.

ते निळं पुस्तक मी मनात वाचत नव्हते, मोठ्यानं वाचत होते. परीक्षा संपली होती आणि घरात हातमाग होता. तुझे आजोबा खड्ड्यात पाय सोडून विणायला बसत आणि मी शेजारी बसून धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरत असे. एक दिवस मी कांड्या सोडून पुस्तक उघडलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ते म्हणाले, वाचायचंच आहे तर आवाजात वाच, कांड्या मी रात्री भरतो. तेव्हापासून रोज दुपारी वाचन. बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. गोष्ट रंगली की मागाची खटखट थांबायची, तेवढ्यावरून मी ओळखायचं. समुद्र किती मोठा असतो हे त्यांनी मला विचारलं होतं, फुटाळा तलावाच्या किती पट? मी शंभर पट सांगून मोकळी झाले.

पण कागदावरच्या पहिल्या तीनच तारखा माझ्या. आज अकरा मे, माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. मला अकरावीला जायचं होतं. मी दोन दिवस जेवले नाही, रडले, भांडले. ते मान खाली घालून विणत राहिले. दिव्याचं तेल संपत आलंय, इथपर्यंत आम्ही आलो होतो. निघताना मी एवढंच म्हटलं की माझं पुस्तक तेवढं परत करून टाका. त्यानंतर आजपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. तू आता मोठी झालीस म्हणून लिहिते. मला त्यांचा राग आहे, अजूनही आहे.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा ते पुस्तक मागाच्या फळीवर दिसलं होतं. मला वाटलं, एक पुस्तक परत करायलाही यांना सवड झाली नाही. मी हातसुद्धा लावला नाही. मग नंतरच्या वीस वेळा माझ्या नावावर पुस्तक नेलं कुणी? तुझा बाप भैया तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याचा काही उपद्व्याप असेल. विचारून कळव, मला चैन पडत नाही.

हे पत्र मात्र वहीत चिकटवू नकोस. उन्हात हिंडू नकोस, कांदा जवळ ठेव. आठवण येते तेव्हा अशीच लिहीत जा.

तुझी,
आत्या

*

नागपूर
१८ मे २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी आईची शपथ घेऊन सांगितलं की त्या वयात ते वाचनालयाच्या दारापर्यंत फक्त पतंग काढायला गेले होते. भैरवी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या की तेव्हाचे ग्रंथपाल वारले, पण नियम आजही तोच आहे. पुस्तक समोर आणून दाखवल्याशिवाय पुन्हा नावावर टाकत नाहीत. म्हणजे कुणीतरी वीस वेळा ते घेऊन गेलं आणि परत घेऊन आलं! नवीन सभासद-वर्षाला मात्र सभासदाची स्वतःची सही लागते. तुझं वर्ष मार्च १९८९मध्ये संपलं. त्याच्या आधीचीच शेवटची तारीख आहे.

मग मी पुस्तक आजोबांसमोर धरलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी आधी मागचं पान उघडलं नाही की पुढचं. बोटानं चाचपत लाल धागा शोधला. आत्या, ती गाठ मी त्यांना दाखवली नव्हती. त्यांना ती कुठे आहे ते माहीत होतं!

मी डाव्या कानाशी जाऊन विचारलं, पुढचं वाचून दाखवू का? त्यांनी मान हलवली, नको. मग म्हणाले की कागद आण आणि मी सांगतो तसंच लिही, सुधारू नको. म्हणून सोबतचं पत्र आहे तसं पाठवतेय. लिहिताना मला दोनदा थांबावं लागलं.

राग कमी कर असं मी म्हणणार नाही, मी लहान आहे. पण उत्तर लवकर दे.

तुझी,
धनश्री

*

चि. सौ. अनुसयाले,
बापाचा आशीर्वाद.

मी सांगून राहिलो आन् धनश्री लिहून राहिली. पहिलंच पत्र आहे माहं, चुकलं तर हासजो नको.

तू परत करा म्हटलं म्हणून मी पुस्तक घेऊन गेलो होतो वं. वाचनालयातल्या मास्तरनं विचारलं, पूर्ण झालं काय? मले खोटं बोलता नाही आलं. म्हटलं, नाही, पोरगी माहेरी येईन तवा होईन. तो म्हणे, मंग इथं ठेवलं तर दुसरा कोणी नेईन, पुन्हा तिच्याच नावावर टाकतो, पंधरा दिवसांनी घेऊन या. मंग मी दर पंधरा दिवसांनी जात राहिलो. पान हरपू नये म्हणून सूत बांधलं. मागावर ताण्यातला धागा तुटला की मारत होतो, तेच गाठ आहे ते. सुटत नाही.

दिवाळीत तू आली. पुस्तक मी तुले दिसंन असं फळीवर ठेवलं. तू पाहलं आन् तोंड फिरवलं. मी बोलाले पाहिजे होतं, पण मले वाटलं आता कोणत्या तोंडानं म्हणू, वाच म्हणून? तुह्या हातचं पुस्तक तर मीच सोडवलं होतं.

मार्चात मास्तर म्हणे, आता पोरीची सही पाहिजे. तुही सही मी कुठून आणू? ठेवून आलो.

मंग भैया शिकला, सून शिकलेली आली, हे नात वाचते. मी कोणालेच म्हटलं नाही की पुढचं सांगा. तेल संपलं का, बाप परत आला का, मले माहीत नाही. सदतीस वर्षं झाले, कधी कधी अजून विचार करतो.

तुले शिकू द्याले पाहिजे होतं. तवा म्हटलं नाही, आता म्हणून राहिलो. एक कान चालू आहे तोवर म्हणून टाकतो.

तब्येतीले जप. अमोलले आशीर्वाद.

चंपतराव

*

उमरेड
२६ मे २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धनश्री, हे पत्र बाबांच्या डाव्या कानाशी बसून वाच. सावकाश वाच, आणि मध्ये रडू नकोस, ते काम माझं आहे.

बाबा, पत्र मिळालं. पुस्तक फळीवर ठेवलेलं पाहून मी काय समजले आणि काय होतं! तुम्ही एक शब्द बोलला असता तर, असं मी चार दिवस म्हणत होते. मग वाटलं, मीही एकदा हात लावून पाहिलं असतं तर. राग सगळा गेला असं लिहिणार नाही, तुम्हाला खोटं बोलता येत नाही तसं मलाही येत नाही. पण शिकू द्यायला हवं होतं, हे तुमच्याकडून ऐकायचं राहिलं होतं. ती ओळ मी अमोलकडून पुन्हा मोठ्यानं वाचून घेतली.

कडक उन्हाचा नवतपा लागलाय, ऊन डोक्यावर यायच्या आत पोचावं म्हणून रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते. आठ दिवस राहीन. भैयाला सांगा, बस स्टँडवर यायची गरज नाही, रस्ता मला पाठ आहे. भैरवी मॅडमना धनश्रीनं सांगावं की ८१४ नंबरवर तिच्यानंतर माझं नाव टाका, सही करायला मी स्वतः येते.

धनश्री, तुला शेवट कळला असणार. तो पोटात ठेव. आम्हा दोघांपैकी कुणालाही सांगितलास तर माझ्याशी गाठ आहे!

एकशे बाराव्या पानापासून वाचीन. रोज दुपारी, तुमच्या डाव्या बाजूला बसून. फक्त एक अडचण आहे, बाबा. आता घरात माग नाही. गोष्ट आवडली की खटखट थांबायची, तसं काही आता थांबणार नाही. तेव्हा आवडलं तर या वेळी तोंडानं सांगावं लागेल.

रविवारपर्यंत कान सांभाळा.

आपली,
अनुसया चंपतराव